दारू सुटली, पण आता दिवसभर गोड खातायत!

"मॅडम, दारू सुटली हे खरं, पण आता हे लहान पोरासारखं गोड खातायत. एक गेलं आणि दुसरं लागलं की काय?" नुकतंच कोणाचं व्यसन सुटलेलं असतं त्या घरांतून हा प्रश्न मला सारखा येतो, म्हणून ही एक केस लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदलून.

रिक्षा चालवणारे दादा, वय 44, रोजची एक क्वार्टर ठरलेली आणि रविवारी दोन. अ‍ॅडमिट होऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडली. (हे मुद्दाम लिहितेय, रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावर बेतू शकतं.) सहाव्या आठवड्यात वहिनी आल्या, पर्समधून रुमाल काढला, गाठ सोडली आणि माझ्या टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांचे कागद ओतले. शर्ट धुवायला टाकताना खिशातून निघालेले, चारच दिवसांचे, मोजले नाहीत पण पन्नासएक तरी असतील. गुळाचा डबा त्यांनी माळ्यावर लपवला होता. दादा शेजारी मान खाली घालून बसलेले, जशी काही बाटलीच सापडलीय.

मी म्हटलं वहिनी, आधी गूळ खाली काढा. एका क्वार्टरमध्ये 180 मिली, त्यात साधारण 60 ग्रॅम निव्वळ अल्कोहोल, ग्रॅममागे 7 कॅलरी, म्हणजे या माणसाला रोज संध्याकाळी 400 च्या वर कॅलरी नुसत्या दारूतून मिळत होत्या, ज्यात ना प्रोटीन ना व्हिटॅमिन. ते एकदम बंद झालं तर शरीर मागणारच की, आणि मेंदूलाही झटपट बरं वाटायला गोड हा सोपा रस्ता सापडतो. सुरुवातीचे काही महिने हे बऱ्याच जणांचं होतं. गोळी चघळतोय म्हणून त्याला गुन्हेगार करू नका.

मग दादांना विचारलं, दिवसभरात जेवता कधी? दुपारी दोनला, मग थेट रात्री दहाला. मधे फक्त कटिंग. "सात वाजले की पोटात कसंतरी होतं, हात थरथरतो, वाटतं आता घ्यावीच." अहो, ही निम्मी तर भूकच आहे! एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला जाणाऱ्यांना 'हॉल्ट' माहीत असेल, भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार गोष्टींपासून सांभाळा म्हणतात, त्यात पहिला नंबर भुकेचाच आहे.

आता माझी चूक सांगते. मी म्हटलं सात वाजता मूठभर शेंगदाणे खा, प्रोटीन मिळेल, पोट धरेल. वहिनींनी त्याच संध्याकाळी खारे शेंगदाणे ताटलीत काढून पुढे ठेवले. दादांनी दोन दाणे तोंडात टाकले, उठले, चप्पल घातली आणि बाहेर. बिल्डिंगला चार चकरा मारून घामाघूम परत आले आणि मला फोन. "मॅडम, शेंगदाणे बघितले आणि ग्लास कुठंय असं झालं." वीस वर्षांचा चखणा तो, आणि मी आहार म्हणून लिहून दिला! मग तेच दाणे गूळ घालून लाडू झाले आणि चाललं. उकडलेलं अंडं त्यांनी स्वतःच नको म्हटलं, बारबाहेरच्या गाडीवर तेच असायचं. मटकीची उसळ, थालीपीठ-दही, केळं हे सगळं चालतंय.

मधेच सासूबाईंनी भूक लागावी म्हणून द्राक्षासव सुरू केलं होतं, प्रेमापोटी, पण आसव-अरिष्टं आंबवूनच करतात, त्यात अल्कोहोल असतंच. दारू सोडायची डायसल्फिराम ही गोळी चालू असेल तर तेवढ्यानेही तोंड लाल होणं, धडधड, उलटी होऊ शकते. बाटली बंद केली. आणि 'ताकदीचं सलाईन लावा' हा हट्टही नको. पिणाऱ्याच्या अंगात बऱ्याचदा बी-1 व्हिटॅमिन कमी झालेलं असतं, ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टर आधी बी-1 चं इंजेक्शन देतात. दादांचे तळपाय झिणझिणायचे, त्यांना बी-1 च्या गोळ्या अजून चालू आहेत.

लिव्हर जास्त बिघडलेलं असेल किंवा डायबेटिस असेल तर मात्र हा गूळ-लाडूचा हिशोब तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. दादांची शुगर तिसऱ्या महिन्यात तपासली, थोडी काठावर आली. मग लिमलेटच्या गोळ्या दिवसाला चारवर आणल्या, त्याबद्दल दादांची तक्रार नाही. चहातली साखर अर्धी केली त्यावरून मात्र घरात रोज भांडण चालू आहे, आणि लाडवाचा डबा आता रिक्षात सीटखाली असतो, साडेसहाला उघडायचा, पॅसेंजर असला तरी.