डूल तुटतो, माळ सुटते : क्ले आणि मण्यांच्या दागिन्यांविषयी प्रश्नोत्तरे

दिवाळीच्या प्रदर्शनांचे स्टॉल बुक व्हायला लागले की या सदराकडे येणारे प्रश्न वाढतात. या वेळचे बहुतेक प्रश्न दागिना टिकण्याबद्दल आहेत, रंगसंगती नि डिझाइनबद्दल कमी. मला ते फार बरं वाटलं. हाताने केलेल्या वस्तूला चार पैसे जास्त मोजणाऱ्या बाईला ती वस्तू दुसऱ्या दिवाळीतही घालता आली पाहिजे.

प्रश्न : मी पॉलिमर क्लेचे टॉप्स आणि लोंबते डूल करते. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ओटीजी १३० अंशांवर ठेवून अर्धा तास बेक करते. तरी आठ-दहा दिवसांत गिऱ्हाइकांचे फोन येतात, कडेचा तुकडा उडाला म्हणून. क्ले खराब असेल का? (सांगली)

क्लेवर संशय घेण्याआधी ओटीजीवर घ्या. पॉलिमर क्ले ही नावापुरती माती. ती असते पीव्हीसीची बारीक भुकटी आणि तिला मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर. पुरेशी उष्णता पुरेसा वेळ मिळाली की हे कण एकमेकांत मुरून एकजीव होतात. कमी पडली तर डूल वरून कडक लागतो, पण आत कण नुसते चिकटून बसलेले असतात. असा डूल हातातून फरशीवर पडला की कड उडते.

आपल्याकडच्या छोट्या ओटीजीची डायल म्हणजे अंदाज असतो. रॉड लाल झाला की आतलं तापमान उसळतं, बंद झाला की खाली येतं. डायलवर १३० असताना आत ११० असू शकतं, १५० सुद्धा. म्हणून ओव्हन थर्मामीटर विकत घ्या. काही शे रुपयांत मिळतो आणि वाया जाणाऱ्या मालाच्या मानाने काहीच नाही. तो तळाशी किंवा दाराजवळ नको, तुमचे डूल ज्या जाळीवर असतात तिथेच ठेवा. रिकामा ओटीजी वीस मिनिटं तापवून डायल कुठे ठेवली की काटा १३० वर स्थिरावतो ते पाहा आणि तिथे मार्करने खूण करा.

डूल पत्र्याच्या ट्रेवर न ठेवता गुळगुळीत टाइलच्या तुकड्यावर ठेवा. टाइल उष्णता धरून ठेवते. वरून ॲल्युमिनियम फॉइलचा तंबू करा, म्हणजे रॉडची धग थेट लागून पांढरा रंग पिवळा पडणार नाही. वेळ मोजायची ती काटा जागेवर आल्यानंतर. तापमान बरोबर असेल तर अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास ठेवल्याने काही बिघडत नाही, उलट मजबुती येते. कंपनीप्रमाणे आकडा बदलतो हेही लक्षात ठेवा: फिमोला ११० अंश, प्रीमोला १३०, सर्निटला ११० ते १३०.

आता परीक्षा. प्रत्येक घाण्यात उरलेल्या क्लेची दोन-तीन मिलिमीटर जाडीची, बोटभर लांब पट्टी टाका. बाहेर काढल्यावर ती पूर्ण गार होऊ द्या, कारण गरम असताना चांगली भाजलेली क्लेसुद्धा लिबलिबीत लागते. गार पट्टी दोन्ही टोकांना धरून धनुष्यासारखी वाकवा. वाकून परत सरळ झाली तर घाणा पास. कट्कन तुटली तर त्या घाण्यातला एकही डूल कार्डावर लावू नका. तो माल फेकायचीही गरज नाही, योग्य तापमानाला पुन्हा बेक करता येतो. फक्त मागे स्टड चिकटवायच्या आणि वरून रेझिनचा थर द्यायच्या आधी.

प्रश्न : चमक यावी म्हणून पारदर्शक नेलपॉलिश लावलं. आता महिन्याभराने सगळे टॉप्स चिकट झालेत, धूळ बसते. (अमरावती)

नेलपॉलिशमधलं द्रावक क्लेतल्या प्लॅस्टिसायझरशी भांडतं आणि वरचा थर कधीच धड वाळत नाही. बऱ्याच स्प्रे वार्निशांचंही हेच होतं. हा माल विकू नका. पुढच्या वेळी पाण्यावर आधारित वार्निश वापरा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे पॉलिश पेपर. ४०० नंबरने सुरू करून ६००, ८००, १००० असं चढत जायचं, पाण्यात घासायचं म्हणजे भुकटी नाकात जात नाही, आणि शेवटी जीन्सच्या कापडावर चोळायचं. वेळ लागतो, पण ती चमक निघून जात नाही.

प्रश्न : मेमध्ये कुरिअरने मागवलेली क्ले ठिसूळ निघाली. आणि फुलांचे केन (आरपार नक्षी असलेले क्लेचे उंडे) कापताना पाकळ्या चेपतात. (नागपूर)

दोन्हींचं कारण तुमचा उन्हाळा. क्ले बंद गाडीत, पत्र्याच्या गोदामात तापत राहिली की पाकिटातच अर्धवट भाजायला लागते. नुसती कडक झाली असेल तर क्ले सॉफ्टनरचे एक-दोन थेंब घालून मळा. मळूनही रवाळ भुगा होत असेल तर ती गेली. विदर्भातल्या सगळ्यांना माझं सांगणं, वर्षाची क्ले फेब्रुवारीच्या आत मागवून ठेवा आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. डबा पॉलिप्रॉपिलीनचा हवा, म्हणजे तळाशी त्रिकोणात ५ आकडा असलेला. कच्ची क्ले काही कडक पारदर्शक प्लॅस्टिकला चक्क खाते.

केनचं म्हणाल तर ते अळूवडीच्या उंड्यासारखं आहे: गरम उंडा कापला की वळ्या फिसकटतात. केन वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, पातं नवं घ्या आणि प्रत्येक कापानंतर केन थोडं फिरवा, म्हणजे एकाच बाजूवर दाब येत नाही.

प्रश्न : लोक म्हणतात, ‘असेच कानातले तुळशीबागेत ८० रुपयांना मिळतात.’ मी २०० सांगते आणि शेवटी १२० ला देते. किंमत ठरवायची कशी? (ठाणे)

आधी कागद घ्या. अडीच सेंटिमीटर व्यासाचा आणि तीन मिलिमीटर जाडीचा गोल साधारण पावणेतीन ग्रॅमचा होतो, जोडी साडेपाच ग्रॅमची. ५७ ग्रॅमच्या वडीतून कातरण वजा जाता आठ जोड्या धरा. वडी तुम्हाला ३०० ला पडली असेल तर जोडीमागे क्ले झाली ३८ रुपयांची. स्टीलचे हुक आणि जंप रिंग (जोडायच्या कड्या) १०, कार्ड आणि पिशवी १२. झाले ६०.

आता ज्याला सगळ्या बायका शून्य धरतात तो वेळ. मळणं, लाटणं, कापणं, बेकिंग, घासणं, जोडणं, फोटो काढणं, पॅकिंग, गिऱ्हाइकाच्या मेसेजला उत्तरं. आठ जोड्यांना हे सगळं मिळून चार तास लागत असतील तर जोडीला अर्धा तास. तासाला १२० रुपये धरले, आणि हे मी कमीच धरतेय, तर ६० रुपये. वीज, फुटतूट, स्टॉलच्या भाड्याचा वाटा मिळून १५. म्हणजे जोडी तुम्हालाच १३५ ला पडते. १२० ला देता तेव्हा प्रत्येक जोडीबरोबर १५ रुपये स्वतःच्या पदराचे देता.

माझ्या मते ही जोडी २८० ची आहे. आकडा मोठा वाटेल, पण उद्या एखादं बुटिक म्हणालं की माल ठेवा, विकला की ३५ टक्के आमचे, तर २८० मधले ९८ त्यांचे आणि १८२ तुमचे. खर्च जाऊन ४७ राहतात. १८० किंमत ठेवली असती तर बुटिकमध्ये मालच ठेवता आला नसता. शिवाय स्टॉलवर एक भाव आणि दुकानात दुसरा, असं करू नका. गिऱ्हाईक दोन्हीकडे फिरतं.

तुळशीबागेशी स्पर्धा करायचीच नाही. तिथला माल साच्यातून निघतो आणि त्याचं तिथे काम आहे. तुम्ही स्टॉलवर ती वाकणारी पट्टी ठेवा. कुणी भाव पाडून मागितला की पट्टी हातात द्या आणि वाकवायला सांगा. सूट द्यायचीच झाली तर दोन जोड्यांवर द्या, एकीवर नाही.

प्रश्न : काचेच्या मण्यांच्या माळा तंगुसात ओवते. वर्षभरात हमखास तुटतात. (डोंबिवली)

तंगूस मासेमारीला ठीक. दागिन्यात तो ताणतो, त्याची गाठ सरकते आणि जुना झाला की कडक होऊन तडकतो. काचेच्या मण्यांच्या, विशेषतः नळकांडी मणी आणि क्रिस्टलच्या, भोकांच्या कडा धारदार असतात, त्या दोऱ्याला करवतीसारख्या घासतात. जड माळेला गिअर वायर घ्या: आत पोलादी तारा, वर नायलॉनचं आवरण. टोकाला गिअर लॉक (तार पकडणारा धातूचा बारीक मणी) दाबताना माळ ताठ ओढू नका. दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवा, नाहीतर गळ्याशी वळताना तार लॉकपाशीच मोडते.

मोत्यांना मात्र तार नको, रेशीम किंवा नायलॉनचा दोरा आणि दोन मोत्यांमध्ये गाठ. आपल्याकडचे पटवेकरी मंगळसूत्र, तन्मणी गाठवताना काय करतात ते एकदा शेजारी बसून बघा. गाठीमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटलाच तर एखादाच मोती घरंगळतो. मला तरी कुठल्याही व्हिडिओपेक्षा त्यांच्या हाताकडे बघून जास्त कळतं.

प्रश्न : भाचीने जर्मनीहून मैत्रिणींसाठी वीस जोड्या मागितल्या आहेत. गेल्या खेपेला एकीचे कान सुजले होते. (पुणे)

बहुधा निकेल. स्वस्त सोनेरी हुकांत मुलाम्याखाली निकेल असतं, मुलामा झिजला की ते कातडीला लागतं. युरोपीय संघात कानात घालायच्या दांडीतून किती निकेल सुटू शकतं यावर कायद्याने मर्यादा आहे: दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅम. दुकानदार नुसतं ‘निकेल फ्री’ म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका, त्याच्याकडे चाचणीचा कागद मागा. सगळ्यांत निर्धोक टायटॅनियम. ९२५ चांदीही चालते, पण चांदी म्हणून विकत घेतलेली चांदीच आहे याची खात्री करा. ज्यांना आधीच त्रास झालाय त्यांच्यासाठी टायटॅनियमच वापरा.

प्रश्न : याच ओटीजीत मुलांसाठी केक केला तर चालेल का? (जळगाव)

मी करू देणार नाही. बेक होताना प्लॅस्टिसायझरची वाफ निघते आणि आतल्या भिंतींवर तिचा थर बसतो. एखादा जुना, लहान ओटीजी फक्त क्लेसाठी ठेवा. तेवढं जमेपर्यंत डूल घट्ट झाकणाच्या ट्रेमध्ये बंद करून बेक करा आणि नंतर ओटीजी आतून पुसून घ्या. क्ले लाटायचं पास्ता मशीन, कटर, सुरी यांतलं काहीही परत स्वयंपाकात जाऊ नये. मायक्रोवेव्ह मोडवर क्ले कधीच नाही. आणि कधी चुकून तापमान चढून क्ले काळी पडली, तर तिच्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, घसा नि डोळे चुरचुरतात. बटण बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना घेऊन दुसऱ्या खोलीत जा. ओटीजीचं दार पूर्ण गार झाल्यावरच उघडा.