क्रेगीव्हार: किल्ला की गढी?

प्रश्न असा: स्कॉटलंडच्या क्रेगीव्हार कॅसलवर मराठीत लिहायचं आहे, तर ‘कॅसल’ला सरळ किल्ला म्हणावं का? शब्दकोशात तर तेच दिलेलं असतं.

माझं मत, गढी म्हणा. किल्ला म्हटलं की तट, दारूकोठार, शिबंदी आली. ॲबर्डीनशरमधल्या क्रेगीव्हारला शिबंदी कसली, ते एका कुटुंबाचं राहतं घर होतं. गुलाबी गिलाव्याचा एकच उंच मनोरा. खाली भिंती अगदी सपाट, आणि वर कोपऱ्याकोपऱ्याला टांगल्यासारखे छोटे गोल बुरूज. मॉर्टिमर घराण्याने सुरू केलेलं हे काम विल्यम फोर्ब्सने १६१० मध्ये विकत घेतलं आणि १६२६ मध्ये पुरं केलं. हा फोर्ब्स लढवय्या नव्हे, बाल्टिककडच्या व्यापारात गब्बर झालेला सावकार माणूस. डान्झिग या बाल्टिक बंदरावरून लोक त्याला ‘डान्झिग विली’ म्हणत.

मग नुसतं ‘वाडा’ का नको? आत जायची वाट पाहा. दार एकच, आणि त्याच्यामागे एकमेकांत गुंफलेल्या लोखंडी गजांचं फाटक. तिकडे त्याला ‘येट’ म्हणतात. भोवती पूर्वी आवाराची भिंतही होती, तिचा एक बुरूज अजून उभा आहे. म्हणजे लुटारू आणि भांडखोर शेजारी यांना थोपवण्यापुरता बंदोबस्त. तोफांपुढे टिकाव धरायचा विचारच नाही. आणि वर दिवाणखान्यात मात्र नक्षीदार गिलाव्याचं छत! हा थाट आपल्याकडच्या देशमुखांच्या गढीचाच. आपली गढी बहुधा पांढऱ्या मातीची आणि ऐसपैस, ही दगडी आणि उभी, एवढा फरक मान्य.

सगळ्याच कॅसलना मात्र हे लावू नका. खडकावरचं स्टर्लिंग हा निखळ किल्ला. १७४६ मध्ये जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूच्या, बंडखोरांनी वेढा घातला, तरी तो पडला नाही. बाल्मोरल हा राणी व्हिक्टोरियाच्या काळचा राजवाडा, नावात कॅसल असलं म्हणून काय झालं? उलट आपल्या शनिवारवाड्याला तट आहे, बुरूज आहेत, तरी तो वाडाच.

विशेषनाम मात्र तसंच ठेवा. ‘क्रेगीव्हार गढी’ असं लिहिलंत तर जाणाऱ्याला नकाशात सापडायचं नाही. पहिल्यांदा ‘क्रेगीव्हार कॅसल ही फोर्ब्स घराण्याची गढी’ असं लिहा, पुढे नुसतं गढी. १९६३ पासून ती नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि लोकांना पाहता येते.