ट्रॉलीचा हुक खडखडतोय? ग्रीसच्या आधी फडकं घ्या

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

मुंबईत शेती उरलीच कुठे, असं विचारणारे भेटतात. गोराई-मनोरीचे भाजीचे वाफे आणि आरेतल्या गोठ्यांकडे जाणाऱ्या हिरव्या चाऱ्याच्या ट्रॉल्या त्यांनी पाहिलेल्या नसतात. पावसाच्या तोंडावर आलेल्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न ट्रॉलीच्या हुकाचे आहेत, म्हणून तिघांना एकत्रच उत्तर देतो.

गोराईचे एक दादा विचारतात : "ट्रॉलीचा हुक खडखडतो. दर आठवड्याला इंजिनाचं काढलेलं ऑइल सोडतो, तरी आवाज जात नाही. कुठलं ग्रीस घालू?" मनोरीच्या ताईंची तक्रार आहे की पॉवर टिलरची छोटी ट्रॉली पावसाळाभर उभी राहते आणि दिवाळीच्या सुमारास काढायला गेलं की पिन निघत नाही. आरेतून चारा वाहणारे एक भाऊ म्हणतात, ग्रीस लावलं की धूळ आणि गवताचा भुगा चिकटतो, मग लावूच नये का?

दादा, तुमचा आवाज ग्रीस कमी पडल्याचा नाही, खेळ म्हणजे पिन आणि कडीमधली मोकळीक वाढल्याचा आहे. ब्रेक दाबला की ट्रॉली पुढे येऊन ठोकते, क्लच सोडला की मागे ओढून ठोकते. पिन झिजली किंवा ट्रॉलीच्या दांडीच्या टोकाला पिन बसते त्या कडीचं भोक लांबट झालं की हे होतंच. ग्रीसने आवाज थोडे दिवस दबेल आणि झीज मात्र आतल्या आत चालू राहील. ते जास्त धोक्याचं.

म्हणून आधी तपासणी. ट्रॉली रिकामी करा, सपाट जागी उभी करा, ट्रॅक्टर बंद करून ब्रेक लावा, ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. दांडीखाली जॅक किंवा भक्कम ओंडका दिल्याशिवाय पिन काढू नका. दोनचाकी ट्रॉलीची दांडी पायावर पडली तर पाऊल जातं. पिन डिझेलच्या फडक्याने लख्ख पुसा आणि तिच्यावरून नख खालून वर ओढा. कडी बसते त्या जागी नख अडलं, तर पिनेला पायरी पडली आहे. अशी पिन बदलायची. उलटी फिरवून आणखी एक हंगाम काढण्याचा मोह होतो, पण पायरी पडलेल्या जागीच चीर धरते. कडीचा आणि ड्रॉबारचा (ट्रॅक्टरमागची ओढायची पट्टी) जोड नीट पुसून वेल्डिंगच्या कडेने केसासारखी रेघ दिसते का तेही पाहा. ट्रॅक्टरच्या ड्रॉबारवर मात्र गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याला हात लावू देऊ नका. तिथलं पोलाद तापवून गुण बिघडवण्यापेक्षा सुटा भाग बदललेला बरा.

आता काळ्या ऑइलचं. ते पातळ असल्यामुळे पिनेवर ठरत नाही, पहिल्या सरीत धुऊन जातं. इंजिनातली काजळी, धातूचा कीस आणि आम्ल त्यात असतं, ते वेगळंच. शिवाय ठिबकतं ते तुमच्याच वाफ्यात आणि विहिरीच्या कडेला. समुद्राला लागून असलेल्या गोराईत गोडं पाणी किती मोलाचं, हे मी सांगायला नको.

ग्रीस घ्यायचं ते लिथियमचं, साधं बहुउद्देशीय. दुकानात 'दोन नंबर' म्हणजे मध्यम घट्टपणाचं मागा. पिनेला आणि कडीच्या आतल्या बाजूला बोटाने पातळ थर पुरे. गोळे थापून काही फायदा नाही, दाबाखाली ते बाहेरच येतं. ज्यांची ट्रॉली वाळूतून, खाडीकाठच्या खाऱ्या चिखलातून जाते, त्यांनी ग्रॅफाइटचं काळं ग्रीस टाळावं. खाऱ्या ओलाव्यात ग्रॅफाइट लोखंडाला लागून राहिलं की गंज उलट वाढतो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर आधी गोड्या पाण्याने धुवा, सुकू द्या, मग ग्रीस. ओल्यावरच ग्रीस फासलं तर खारं पाणी आत कोंडलं जातं.

आरेच्या भावांना : लावायचंच, पण जुनं पुसल्याशिवाय नवं लावायचं नाही. धूळ मिसळलेलं ग्रीस म्हणजे पॉलिश पेपरच. चारा रोज वाहत असाल तर आठवड्यातून एकदा पुसणं आणि नवा पातळ थर देणं एवढं काम आहे. फिरता हुक किंवा चारचाकी ट्रॉलीचं टर्न टेबल (पुढची चाकं वळवणारी फिरती चकती) असेल तर तिथे ग्रीस गनने ग्रीस भरायचे निप्पल असतात. निप्पलचं तोंड आधी पुसा, नाहीतर गनने घाणच आत ढकलाल. मग कडेने जुनं काळं ग्रीस जाऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत पंप मारा. टर्न टेबल मध्येच थोडं फिरवून पुन्हा मारा, म्हणजे सगळीकडे पोचतं. निप्पल तुंबला तर टोकरत बसू नका, बदला, चार पैशांची वस्तू आहे. काही जीपमागच्या गोल गोळ्याच्या हुकाला आत घर्षणाच्या गाद्या असतात. तिथे मात्र ग्रीसचा थेंबही नको, गोळा कोरडा आणि स्वच्छ हवा.

ताई, अडकलेल्या पिनेवर थेट घण घालू नका. डोकं फुलतं, मग ती भोकातून जातच नाही, आणि तुकडा उडून डोळ्यात जायची भीती. दांडी जॅकने किंचित उचलून पिनेवरचा भार काढा. निम्म्या वेळा एवढ्यानेच ती सुटते. नाही सुटली तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, सकाळी मध्ये लाकूड धरून हलके ठोके द्या. गॅसने तापवू नका. यंदा मात्र जूनच्या आधीच पिन काढा, पुसा, ग्रीस लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि घरात खिळ्याला टांगा. कडीच्या आतही हात फिरवा. मुंबईच्या पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं आणि वारा खारा. उघडं लोखंड त्यात चार महिने तग धरत नाही.

एक गोष्ट तुमच्यापैकी कोणी विचारली नाही, पण ती रस्त्यावर रोज दिसते. पिनेच्या खालच्या भोकात खिळा किंवा तार. खड्ड्यात पिन उसळली की तार तुटते आणि भरलेली ट्रॉली मोकळी. तिथे लिंच पिनच (स्प्रिंगच्या रिंगने बंद होणारी छोटी पिन) हवी, आणि दांडीखालून सुरक्षा साखळी. तसंच ट्रॉली टॉप लिंकच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागे अवजाराचा वरचा दांडा लागतो त्या जागी कधीच जोडू नका. ओढ एवढ्या उंचीवरून लागली की चढावर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचलतं आणि तो चालकावर उलटतो. जोडायचं ते खाली, ड्रॉबारलाच.

नवी पिन करून घेणार असाल तर बांधकामाची सळई कापून आणू नका. लेथवाल्याला ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) म्हणून सांगा आणि त्याच्याकडे भायंदरला जाताना जुनी पिन एकटी नेऊ नका, कडीच्या भोकाचं मापही घेऊन जा. झिजलेल्या पिनेवरून नवी केली तर खेळ तेवढाच राहील.