टोई घोडा आणि स्टॉक सॅडल

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

ऑस्ट्रेलियाच्या ४६२ (वर्क अँड हॉलिडे) व्हिसाच्या सोडतीत तुझा नंबर लागला आणि क्वीन्सलंडमधल्या एका कॅटल स्टेशनवर कामही ठरलं, हे तुझ्या आईकडून कळलं. (स्टेशन म्हणजे तिथे गुरांचं अवाढव्य रान, हे आजीला नीट समजावून सांग. त्या अजून फलाटाचाच विचार करत असतील.) शाबासकी द्यायला घरचे आहेत. मी कामाचं लिहितो.

तू वाढलीस जंपिंगच्या खोगिरात. बाजूचं चामडं पुढच्या अंगाला कापलेलं, रिकीब (पाय अडकवायची कडी) आखूड, वजन पुढे. ड्रेसाजचं खोगीरही तू वापरलंयस, बाजू सरळ खाली आणि पाय लांब. तिकडे ही दोन्ही विसरायची. वेस्टर्न खोगीर दिसेल क्वचित. पुढे दोर गुंडाळायला खुंट्यासारखं शिंग असलेलं ते जड धूड तबेल्याच्या खुंटीवरून एकटीने उतरवताना कंबर सांभाळ. रोजचं काम मात्र स्टॉक सॅडलवर, म्हणजे गुरांच्या कामासाठी घडवलेल्या तिथल्या खोगिरावर.

ही सॅडल मुळात इंग्रजी खोगिराचीच लेक. पण सपाट इंग्रजी खोगिरात बसून झाडीतून, उतारावरून गुरांच्या मागे दिवसभर घोडा घालायचा म्हणजे रोज कुणीतरी खाली. म्हणून एकोणिसाव्या शतकापासून तिथल्या कारागिरांनी बैठक खोल केली, मागची कड उचलली आणि मांडीच्या पुढे दोन्हीकडे एकेक फुगीर नी पॅड बसवलं. आजची घडण रूढ करण्यात क्वीन्सलंडमधल्याच रोमा गावच्या जॅक विनेकी या खोगीरकाराचं नाव घेतात. अलीकडे ‘हाफ ब्रीड’ही खूप चालते: बैठक स्टॉकची, पायाशी वेस्टर्नसारखं रुंद झुलतं फेंडर.

पहिल्याच दिवशी तुझा पाय रिकीब आखूड मागेल. देऊ नकोस. आखूड रिकिबीत गुडघा वर येतो, मांडी नी पॅडवर आपटत राहते आणि संध्याकाळी तिथे काळंनिळं होतं. पट्टा दोन-तीन भोकं लांब कर, पाय किंचित पुढे सोड आणि खाली बस. मांडी आणि पॅड यांत दोनेक बोटं अंतर हवं. पॅड मांडीने दाबून धरायचं नसतं. बैल एकदम वळला, त्याच्या मागे घोडा वळला आणि तू सरळच निघालीस, तर अडवायला ते आहे. बैठकीचं माप इथलं सांगू नकोस, मोजायची रीत वेगळी असते. बसून बघ.

खोगीर चढवताना आधी पाठीवरून तळहात फिरव. कुसळ, सुकलेला घाम, चिखलाचा खडा, काहीही राहिलं की दुपारपर्यंत पाठ लागलीच म्हणून समज. नमदा (खोगिराखालची जाड घडी) थोडा पुढे ठेवून मागे ओढ, केस सरळ बसतात. खोगीर ठेवल्यावर नमदा मध्ये उचलून घे, म्हणजे मानेच्या उंचवट्यावर ताण येत नाही. मग तंग, खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा. त्याच्या वरून आणखी एक लांब पट्टा खोगिराच्या बैठकीवरून फिरून पोटाखाली येतो, त्याला सरसिंगल म्हणतात. तंगाचा पट्टा तुटला तर तोच तुला वर ठेवतो. उतारावर खोगीर मानेवर सरकू नये म्हणून शेपटीखालून जाणारा पट्टा, दुमची, असते. ज्या घोड्याला तिची सवय नाही त्याला ती पहिल्यांदा तू लावायची नाहीस. दहा पावलं चालवून तंग पुन्हा आवळ, कारण पोट फुगवून उभा राहण्यात घोडे सगळीकडचे सारखेच. आणि तंग कुणीही आवळून दिलेला असो, बसण्याआधी बोटं घालून बघायचंच. बूट टाचेचे आणि गुळगुळीत तळाचे घाल. ट्रेकिंगचे नकोत, ते रिकिबीत अडकतात.

आता बोलण्याचं. खोगिराची सवय चार दिवसांत होते, याला वेळ लागतो.

बॉस सकाळी तुला घोडा देईल आणि म्हणेल, “ही कॅन बी अ बिट टोई ऑफ अ मॉर्निंग.” टोई म्हणजे बिचकणारा, अस्वस्थ. आणि ते ‘अ बिट’ ऐकून तू निवांत चढशील. मला भीती आहे ती तेवढ्याचीच. आपल्याकडे घोडा जरा तापट असला तर सईस हातवारे करून, दोन माणसं पडल्याच्या गोष्टी सांगून घाबरवतो. तिकडे उलट. जितकं वाईट, तितका आवाज खाली. ‘अ बिट फ्रेश’ म्हणजे बरेच दिवस बसलं कुणी नाहीये, उड्या मारणार. ‘गॉट अ हंप इन हिज बॅक’ म्हणजे पाठ कमानीसारखी करून उभा आहे, आधी हाताने चालव, गोल फिरव, मग बस. ‘पिग-रूट’ म्हणजे मागचे पाय झाडणं. पूर्ण बकिंग (पाठ उचलून उड्या मारत स्वाराला फेकणं) नव्हे, पण तुला मानेवर आणायला पुरे. ‘शील बी राइट’ म्हणजे ‘होईल ठीक’, आणि ते ज्याने म्हटलं त्यालाही खात्री नसते! अशा वेळी सरळ विचार: याने शेवटचं कधी पाडलं, कुणाला, आणि कशामुळे? या प्रश्नाला तिथे कुणी हसत नाही. न विचारता चढणारीला हसतात.

तुझ्याही बोलण्याला हाच न्याय लागेल. ‘आय ॲम अ व्हेरी गुड रायडर’ असं चुकूनही म्हणू नकोस. मग त्या जागेवरचा सगळ्यात अवघड घोडा तुझ्या वाट्याला येतो. ‘आय कॅन राइड अ बिट’ म्हण. कळतं त्यांना.

बाकी शब्द कानावर पडून येतील. घोड्यांचा सगळा ताफा म्हणजे प्लँट, गुरांचा कळप म्हणजे मॉब, गुरं हाकून गोळा करणं म्हणजे मस्टर, तिथला अनुभवी गडी म्हणजे रिंगर, नवखी मुलगी म्हणजे जिलारू, म्हणजे तू. चहाची सुट्टी स्मोको, धूम्रपान कर अगर करू नकोस. संध्याकाळी सहाला ‘टी’ला बोलावलं तर पोटभर खाऊन जाऊ नकोस, ते रात्रीचं जेवण असतं. ‘ब्रिंग अ प्लेट’ म्हणजे पदार्थ भरलेली ताटली. रिकामी नेणाऱ्या परदेशी लोकांचे किस्से तिथे पिढ्यान्पिढ्या चालू आहेत. तू कांदाभजी ने. आणि पहिले काही महिने ‘गडाय मेट’ स्वतः म्हणू नकोस, सिनेमातून शिकलेलं लगेच ओळखू येतं.

कुणी ‘ड्रोंगो’ म्हणालं तर राग धरू नकोस. म्हणजे बावळट. हे नाव १९२०च्या दशकातल्या एका शर्यतीच्या घोड्याचं. ३७ वेळा धावला, मोठ्या शर्यतींत अगदी जवळ पोचला, जिंकला एकदाही नाही. बिचाऱ्याचं नाव ठेवलं होतं एका पक्ष्यावरून. आपल्याकडचा कोतवाल त्याच कुळातला. कोतवाल घारीला पळवून लावतो, हे त्या शिवी देणाऱ्याला जरूर सांग.

कोरड्या ऋतूत, मस्टरच्या धामधुमीतून सुट्टी मिळाली तर कॅम्पड्राफ्ट ही घोडेस्वारांची स्पर्धा बघून ये. स्टॉक सॅडल कशासाठी आहे ते तिथे दिसतं. यार्डातल्या घोळक्यातून एक जनावर वेगळं काढायचं, फाटकातून बाहेर आणायचं आणि चौखूर उधळत ठरलेल्या खुंटांभोवती फिरवायचं. १०० पैकी २६ गुण जनावर वेगळं काढण्याचे, ७० घोड्याच्या कामाचे आणि खुंटांची फेरी पूर्ण करण्याचे फक्त ४. बघताना स्वाराच्या हाताकडे बघू नकोस, बैठकीकडे बघ.

हेल्मेट इथूनच घेऊन जा, तुझ्या डोक्याला बसलेलं. तिथे जुनी माणसं रुंद कडेची फेल्ट हॅट घालून बसतील, एखादा तुला चिडवेलही. ‘येह, नाह’ (म्हणजे नम्रपणे ‘नको’) म्हणायचं आणि हनुवटीखालचा पट्टा लावायचा. पोचल्यावर घोड्याचा फोटो नंतर पाठव. आधी खोगिराचा पाठव, बाजूने काढलेला, तू वर बसलेली असताना. रिकीब किती लांब केलीस ते मला त्यातून कळेल.

तुझे,
सर