व्हीएस कोडमध्ये विमच्या पद्धतीने संपादन करायचे असल्यास सुरुवात कशी करावी?

विम हा माउसऐवजी कळांनीच मजकूर संपादित करण्याचा एडिटर आहे, आणि ती पद्धत व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये आणणारे एक्स्टेंशन तुम्ही दोनदा बसवले आणि कंट्रोल-एफ, कंट्रोल-ए यांसारख्या सवयीच्या कळा चालेनाशा झाल्यामुळे दोन्ही वेळा काढून टाकले, असे तुम्ही लिहिले आहे. माझीही पहिली खेप अशीच फसली होती. सगळ्या सवयी एकाच दिवशी बदलायला गेले की असे होते, म्हणून या वेळी आधी सेटिंग्जच्या फाइलमध्ये मोजके बदल करून घ्या.

‘विम डॉट हँडलकीज’ या नोंदीत ज्या कळा व्हीएस कोडकडेच राहाव्यात असे वाटते, त्यांच्यापुढे ‘फॉल्स’ लिहावे. मी कंट्रोल-एफ आणि कंट्रोल-ए परत देऊन टाकल्या. कंट्रोल-डी मात्र विमकडेच ठेवली, कारण तिने अर्धा पडदा खाली सरकण्याची सवय लागली की माउसकडे हात जात नाही. ‘यूज सिस्टम क्लिपबोर्ड’ हा पर्याय चालू केला, की विममध्ये कॉपी केलेला मजकूर इतर प्रोग्रॅममध्येही पेस्ट करता येतो.

त्यानंतर एस्केपची सोय पाहावी. विममध्ये मजकूर लिहायचा तो इन्सर्ट मोडमध्ये आणि आज्ञा द्यायच्या त्या नॉर्मल मोडमध्ये; इन्सर्टमधून नॉर्मलमध्ये परतायला एस्केप दाबावी लागते. प्रोग्रॅमर बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास विमचा पूर्वज असलेला व्हीआय हा एडिटर लिहिला तो एडीएम-३ए या टर्मिनलवर, आणि त्यावर एस्केपची कळ आज जिथे टॅब असते तिथे होती. आजच्या कळफलकावर ती दूर कोपऱ्यात गेल्यामुळे दिवसातून शेकडो वेळा हात उचलावा लागतो. इन्सर्ट मोडमध्ये ‘जे’ आणि ‘के’ लागोपाठ दाबल्यास एस्केप व्हावे, असे ‘इन्सर्ट मोड की बाइंडिंग्ज’मध्ये लिहून ठेवा. मराठी कळफलक चालू असताना नॉर्मल मोडमधल्या आज्ञा लागू होत नाहीत, हेही लक्षात असू द्या. त्यासाठी ‘ऑटो स्विच इनपुट मेथड’ ही वेगळी सेटिंग आहे.

एवढे झाल्यावर सेटिंग्ज बाजूला ठेवून विमचे व्याकरण शिकावे. ‘डी’ म्हणजे पुसणे आणि ‘सी’ म्हणजे पुसून लगेच लिहायला लागणे ही क्रियापदे झाली, आणि ती कशावर चालवायची ते पुढच्या कळा सांगतात. समजा, एका ओळीत अवतरणचिन्हांच्या आत फाइलचे नाव आहे आणि कर्सर ओळीच्या आरंभी आहे. ‘सी’, ‘आय’ आणि अवतरणचिन्ह एवढे दाबले की कर्सर आपोआप चिन्हांच्या आत जातो, जुने नाव पुसले जाते आणि नवे लिहिता येते. मग ‘जे-के’ दाबून नॉर्मल मोडमध्ये या, पुढच्या तशाच ओळीवर जा आणि फक्त टिंबाची कळ दाबा. तोच बदल तिथेही होतो. मला विम खऱ्या अर्थाने कळला तो या टिंबामुळे, आणि मोठी फाइल दुरुस्त करताना आजही सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो.

व्हीएस कोडच्या चांगल्या गोष्टी यात हातच्या जात नाहीत. ‘जी-डी’ने फंक्शनच्या व्याख्येवर जाता येते आणि ‘जी-एच’ने माउस नेल्यावर दिसणारी माहिती दिसते.

कामाची घाई असेल त्या दिवशी एक्स्टेंशन काढून टाकू नका. कमांड पॅलेटमधील ‘टॉगल विम मोड’ या आज्ञेने ते तेवढ्यापुरते बंद ठेवा आणि घाई सरली की त्याच आज्ञेने पुन्हा चालू करा.