लडाखमध्ये बर्फ आहे, नद्या आहेत, मग त्याला वाळवंट का म्हणतात? आणि तिथे लोक वर्षभर राहतात तरी कसे?

जाण्याआधी मलाही हाच प्रश्न पडला होता. नवऱ्याच्या बदलीमुळे सप्टेंबर ते पुढचा ऑगस्ट असं जवळजवळ वर्षभर मी लेहमध्ये राहिले. आता परत ऐरोलीला आलेय. हे लिहिताना बाहेर धो धो कोसळतोय आणि पंख्याखाली वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही ओलसरच आहेत.

वाळवंट ठरतं ते पावसावरून, उन्हावरून नव्हे. लेहला वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिमी. ठाण्यात अडीच हजारांच्या आसपास पडतो. म्हणजे लेहचं वर्षाचं पाणी आपल्याकडे जुलैतला एखादा दिवस उरकून टाकतो. कारण आपल्या ओळखीचंच आहे. महाबळेश्वरला ढग रिकामे होतात आणि पलीकडे माण-खटाव कोरडं राहतं ना, तसंच. फक्त सह्याद्रीच्या जागी हिमालय. लेह साधारण ३५०० मीटरवर, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. मधल्या रांगा ओलांडेपर्यंत मोसमी ढगांत काही उरतच नाही.

थंडीचं सगळे सांगतात, जानेवारीच्या रात्री उणे १५-२० वगैरे. ते खरंच आहे, पण मला जास्त छळलं कोरडेपणाने. ठाण्याहून नेलेलं चिवड्याचं पाकीट तिथे पोचेपर्यंत फुग्यासारखं टम्म झालं होतं (बाहेर हवेचा दाब कमी). पोळी तव्यावरून ताटात येईपर्यंत कडक. सकाळी नाकात रक्ताची खपली. पाणी नव्वदच्या आतच उकळतं, त्यामुळे तूरडाळ कुकरशिवाय शिजायचं नाव घेत नाही. डिसेंबरात टॉवेल बाहेर टाकला तर अर्ध्या तासात पत्र्यासारखा ताठ. तसाच उन्हात राहू दिला की बर्फ पाणी न होताच उडून जायचा. पापड मात्र वर्षभरात एकदाही सादळला नाही!

आता लोक कसे राहतात ते. माझ्या मते सगळी मेख पाण्यात आहे, आणि त्यातही पाणी किती यापेक्षा केव्हा, यात. पेरणी एप्रिल-मेमध्ये. वरच्या हिमनद्या नीट वितळायला लागतात जूनमध्ये. मधले ते पाच-सहा आठवडे निभावले तर वर्षाचं जव-गहू-वाटाणा पदरात, नाहीतर नाही. त्यामुळे गावागावात पाण्याचे वार ठरलेले असतात. पाटाला म्हणतात युरा, रात्रीचं पाणी साठवायच्या तळ्याला झिंग (हो, झिंगच), आणि पाळ्या लावून देणारा तो छुरपोन. आपल्या गावाकडच्या पाटकऱ्यासारखाच, पण वजन सरपंचाचं.

याच मधल्या आठवड्यांसाठी चेवांग नोर्फेल नावाच्या इंजिनिअरने गावांच्या वरच्या अंगाला, सावलीत, हिवाळ्यातलं वाया जाणारं पाणी अडवून गोठवायला सुरुवात केली. पुढे सोनम वांगचुक यांनी २०१३ च्या सुमारास बर्फाचे स्तूप उभे केले. पंप लागत नाही. वरच्या ओढ्यातून पाइप गावापर्यंत आणायचा. उतारामुळे पाणी आपोआप कारंज्यासारखं उसळतं आणि रात्रीच्या थंडीत पडता पडता गोठतं. शंकूचा आकार शोभेसाठी नाही. बर्फ भरपूर आणि उन्हाला मिळणारा पृष्ठभाग कमी, म्हणून तो सपाट बर्फापेक्षा उशिरा, नेमका पेरणीच्या वेळी वितळत राहतो.

संडासाचं सांगायलाच हवं. आमची घरमालकीण, आमा-ले (आमा म्हणजे आई, ‘ले’ आपल्या ‘जी’सारखं), पहिल्याच दिवशी मला जुन्या घरातली एक खोली दाखवायला घेऊन गेली. मातीची जमीन, मधे चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. मी नाक मुरडलं, आपला फ्लशच बरा म्हटलं. नोव्हेंबरअखेरीस नळ गोठले, फ्लशची टाकी गोठली, आणि मी मुकाट्याने फावडं हातात घेतलं. गंमत म्हणजे वास येत नाही. माती-राख पडते, हवा कोरडी. वसंतात खालच्या खोलीतून ते खत काढून शेतात जातं. पाण्याचा थेंब खर्च नाही, वर खत. आता हॉटेलांना पर्यटकांसाठी फ्लश आणि गरम शॉवर द्यावे लागतात आणि त्यासाठी बोअर मारल्या जातात. मलाच थोडं ओशाळल्यासारखं होतं, कारण आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनीही तेच मागितलं होतं. अर्थात आमच्या सोसायटीत एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात टँकरवरून भांडणं होतात, तेव्हा आपण कुणाला काय शिकवणार!

खाण्याचे हाल होत नाहीत. उन्हाळ्यात भाज्या वाळवतात, बटाटे-मुळे जमिनीत खड्डा करून ठेवतात, भाजलेल्या जवाचं पीठ बाराही महिने असतं. जर्दाळूला तिथे ‘चुली’ म्हणतात. आमा-लेने पहिल्यांदा ‘चुली खा’ म्हटलं तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिले.

घरं कच्च्या विटांची. छताला पॉप्लरचे वासे, वर विलोच्या काटक्या, त्यावर मातीचा थर. थंडीत ऊब धरायला उत्तम, पण हे छप्पर १०० मिमीच्या हिशेबाने बांधलेलं. २०१० मध्ये ५ ऑगस्टच्या रात्री लेहमध्ये ढगफुटी झाली, उघड्या डोंगरांवरून चिखलाचे लोंढे आले आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून ऑगस्टात आभाळ भरून आलं की आमा-ले अंगणात येऊन उभी राहायची, डोंगराकडे बघत.

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. मी हौसेने फोन खिडकीबाहेर धरून तिला आमचा पाऊस दाखवला आणि म्हटलं, थोडा पाठवू का तिकडे?

“नको गं बाई,” ती म्हणाली, “तिकडेच ठेव. आमचं छप्पर मातीचं आहे.”