सक्रिय डाग ओळखताना
एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण झडण्याचा आजार) एमआरआयवर पांढरे डाग दिसले की लगेच मोजायला बसू नकोस. फ्लेअर या प्रकारच्या एमआरआय चित्रात नवा-जुना डाग सारखाच पांढरा दिसतो, त्यामुळे आधी जुना स्कॅन शेजारी उघड. मागच्या वेळी नसलेला डाग आज दिसला, तर मधल्या काळात आजार जागा होता एवढं नक्की. आत्ता जळजळ चालू आहे का, हे मात्र गॅडोलिनियम, म्हणजे शिरेतून टोचलेलं आणि चित्रात चमकणारं औषध, सांगतं. रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा फाटलेला असेल तिथेच ते झिरपतं, आणि बहुतेक डागांत ही चमक काही आठवडेच टिकते. इंजेक्शननंतर किमान 5 मिनिटं थांब. घाईत काढलेल्या चित्रात फिकट चमक हमखास निसटते. इंजेक्शनआधीचं टी-1 (ही चमक ज्यात बघतात त्या प्रकारचं चित्र) बघितल्याशिवाय ‘चमकतोय’ असं लिहूच नकोस, काही डाग मुळातच उजळ असतात. छोटी रक्तवाहिनीही फसवते; दोन-तीन काप वर-खाली सरक, ती रेघेसारखी पुढे जाते.

चमकेचं अर्धवट कडं दिसलं आणि त्याची उघडी बाजू मेंदूच्या करड्या भागाकडे (ग्रे मॅटर) असली, तर गाठीपेक्षा मायलिन झडण्याचा विचार आधी कर. हे मनापासून सांगतोय, कारण त्यावर एखाद्याची बायॉप्सी टळू शकते.

नुकतंच स्टिरॉइड दिलंय का, तेही विचार. त्याने चमक दबते, मग ‘सक्रिय नाही’ हा शेरा चुकीचा ठरू शकतो. शिवाय न चमकणारा डागही काठाशी वर्षानुवर्षं धुमसत असू शकतो. एसडब्ल्यूआयवर (लोह टिपणारं एमआरआय चित्र) काही डागांभोवती लोहाची काळी किनार दिसते ती त्याचीच.